उसनें गणित

शाळेंतील मुलांच्या हातीं आतां संगणक आला आहे, आणि त्यामागोमाग पालकांच्या मुखीं एक प्रश्नही आला आहे: "सगळें गणित जर यंत्रांत तयार मिळतें, तर आमच्या मुलांनीं तें शिकावें तरी कशाला?" प्रश्न रास्त आहे. परंतु उत्तर देण्यापूर्वीं हें तयार गणित कोठून येतें व तें आपल्या कामांत कसें आणावें लागतें, हें पाहणें अवश्य आहे.

यंत्रास उदाहरणें दाखवून शिकविण्याच्या विद्येस मशीन लर्निंग म्हणतात. छायाचित्रावरून पिकाचा रोग ओळखणें हें तिचें एक काम. छायाचित्र म्हणजे यंत्राच्या दृष्टीनें केवळ आंकड्यांचें कोष्टक. आणि शिकणें म्हणजे बह्वंशीं अशा प्रचंड कोष्टकांचे गुणाकार पुनःपुन्हा करणें. हे गुणाकार प्रत्येकानें नव्यानें लिहीत बसावें लागत नाहीं. अशा गणितकृत्यांचा 'ब्लास' नांवाचा संग्रह १९७९ सालीं व 'लापॅक' हा १९९२ सालीं प्रसिद्ध झाला. असल्या संग्रहास लायब्ररी म्हणतात. 'सायकिट-लर्न' हा मशीन लर्निंगचा मुक्त प्रकल्प आहे. मुक्त म्हणजे ज्याची आज्ञावली कोणासही वाचतां, वापरतां व सुधारतां येते असा. तो 'नमपाय' व 'सायपाय' या लायब्रऱ्यांवर उभा आहे, आणि त्या दोन्ही कोष्टकांच्या कामासाठीं ब्लास व लापॅक यांचा आधार घेतात.

आमच्या जिल्ह्यास ही रीत अपरिचित नाहीं. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानें लोणीजवळ सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामांत त्याचें गाळप सुरू झालें. प्रत्येकानें आपला वेगळा कारखाना काढावा, असें तेथें कोणी म्हटलें नाहीं. मात्र सभासदानें आपला भाग द्यावा, ऊस घालावा व कारभारावर लक्ष ठेवावें, अशी अपेक्षा होती. उसन्या गणिताचीही गोष्ट तीच. दुसऱ्याची लायब्ररी घेणें यांत कमीपणा नाहीं. परंतु ती घेणाऱ्यावर तीन कर्तव्यें येतात, असें आमचें स्पष्ट मत आहे.

पहिलें कर्तव्य पारख करण्याचें. १, २, ३, ४ हे आंकडे ओळीनें मांडले तर पहिल्या ओळींत १ व २ येतात. स्तंभानें मांडले तर १ व ३ येतात. सी भाषेंत कोष्टक ओळीनें सांठविण्याची रीत आहे, तर ज्या फोर्ट्रान भाषेंत ब्लास मूळ लिहिला गेला तींत स्तंभानें. जोडणाऱ्यानें हा भेद ध्यानांत घेतला नाहीं, तर यंत्र पुष्कळदां कांहींच तक्रार करीत नाहीं. तें उत्तर देतें. मात्र तें चुकीचें असतें. अशा चुकीची किंमत किती मोठी असते, याचा दाखला ४ जून १९९६ रोजीं युरोपीय देशांच्या एरियान-५ या अग्निबाणानें दिला. त्यांतील आज्ञावलीचा एक भाग एरियान-४ मधून जसाच्या तसा घेतलेला होता. जुन्या अग्निबाणावर तो निर्दोष चालला होता. नव्याचा वेग अधिक असल्यामुळें एक संख्या नेमून दिलेल्या जागेंत मावली नाहीं, आणि उड्डाणानंतर सुमारें चाळीस सेकंदांतच अग्निबाण नष्ट झाला.

दुसरें कर्तव्य ऋण मानण्याचें. गोव्यांत जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत शिकवीत असतां १९४३ सालीं त्यांनीं एक प्रमेय प्रसिद्ध केलें. गुंतागुंतीच्या माहितींतून मुख्य दिशा तेवढ्या निवडण्याची जी रीत सायकिट-लर्नमध्यें आहे, तिच्याशीं या प्रमेयाचें जवळचें नातें आहे. कारहुनेन व लोएव्ह यांना तेंच पुढें स्वतंत्रपणें सुचलें, आणि जगांत तें बहुधा त्या दोघांच्याच नांवें ओळखलें गेलें. कोसंबींचें नांव आतां कोठें कोठें जोडूं लागले आहेत. मुक्त लायब्रऱ्यांच्या परवान्यांत मूळ कर्त्यांचा उल्लेख कायम ठेवण्याची अट सहसा असते. ती केवळ कायद्याची बाब नव्हे, ती सचोटीची बाब आहे. शेजाऱ्याची वही उतरवून आपलें नांव घालणारा विद्यार्थी आणि कर्त्याचें नांव पुसून लायब्ररी वापरणारा कारागीर यांत आम्हांस कांहींच अंतर दिसत नाहीं.

तिसरें कर्तव्य परतफेडीचें. मुंबईच्या आयआयटींतील 'फॉसी' प्रकल्पांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनीं पाठ्यपुस्तकांतील सोडविलेलीं उदाहरणें मुक्त आज्ञावलींत उतरवून सर्वांसाठीं खुलीं केलीं आहेत. शाळेंतील मुलासही यापैकीं कांहीं करतां येईल. एखादी चूक आढळली तर ती नीट लिहून कळवावी. वापरण्याची रीत सोप्या मराठींत लिहावी. हीही परतफेडच होय.

आतां पालकांच्या मूळ प्रश्नाकडे वळूं. दोन ओळी व दोन स्तंभ यांचा गुणाकार जो मुलगा किंवा जी मुलगी कागदावर करूं शकते, तिलाच यंत्राचें उत्तर ताडून पाहतां येतें. जिला तें येत नाहीं, तिनें यंत्र म्हणेल तें मुकाट्यानें मानावें, याखेरीज गत्यंतर नाहीं. तेव्हां तयार गणित मिळूं लागल्यानें गणित शिकण्याची गरज संपली नाहीं. ती वाढली आहे. विद्यार्थिमित्रहो, उसनें अवश्य घ्या. परंतु घेतांना मोजून घ्या, ज्याचें त्याचें नांव सांगा, आणि परत करतांना चार दाणे अधिक घाला.