"आवडलं का?" असं विचारू नका!

दोस्तांनो, समजा शाळेच्या गॅदरिंगमध्ये तुमच्या वर्गाचं नाटुकलं झालं. दुसऱ्या दिवशी तुम्ही पहिलीतल्या चिल्ल्यापिल्ल्यांना गाठून विचारलंत, "काय रे, आवडलं का?" सगळ्यांनी माना डोलावल्या, "हो ताई! हो दादा!" तुम्ही खूश! पण मला सांगा, यातून तुम्हांला नक्की काय कळलं? ती मुलं खरंच नाटक बघत होती, की शेजारच्याला चिमटे काढत होती? मोठ्यांना 'नाही' म्हणायचं नसतं, एवढं मात्र त्यांना पक्कं ठाऊक असतं!

हीच अडचण अमेरिकेत जोन गँझ कूनी यांच्यापुढे उभी राहिली होती. १९६८ साली त्या आणि त्यांचे सहकारी तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी टीव्हीवरचा एक कार्यक्रम तयार करत होते. त्याचं नाव 'सेसमी स्ट्रीट'. गरीब घरातल्या मुलांनाही शाळेत जाण्याआधी अक्षरं आणि अंक यांची ओळख व्हावी, हा हेतू. खर्च होता ८० लाख डॉलर! मुलांनी पाठ फिरवली तर सगळंच पाण्यात. आणि प्रेक्षक कसे? लिहिता-वाचता न येणारे. त्यांच्याकडून फॉर्म कसा भरून घेणार?

मग एडवर्ड पामर या मानसशास्त्रज्ञाने एक साधी युक्ती काढली. मुलाला टीव्हीसमोर बसवायचं आणि बाजूला एक छोटा पडदा ठेवायचा. त्यावर दर साडेसात सेकंदांनी नवं रंगीत चित्र! मुलाला काहीच विचारायचं नाही. त्याची नजर टीव्हीवर आहे की चित्रावर, एवढंच टिपून घ्यायचं. कार्यक्रम कंटाळवाणा झाला, की नजर लगेच पळायची पडद्याकडे. डोळे काही 'हो ताई' म्हणत नाहीत!

जुलै १९६९ मध्ये पाच भाग तयार करून मुलांना दाखवले. बाहुल्या आणि कार्टून आलं, की मुलं एकटक बघायची. पण रस्त्यावरचे प्रसंग, ज्यांत फक्त माणसं बोलायची, तिथे लक्ष उडायचं. आली का पंचाईत! कारण जाणकारांनी आधी बजावलं होतं, "बाहुल्या आणि खरी माणसं एकत्र आणू नका, मुलांचा गोंधळ होईल." आता ऐकायचं कुणाचं? मोठ्यांच्या मताचं, की मुलांच्या डोळ्यांचं? कार्यक्रम तर नोव्हेंबरमध्ये सुरू व्हायचा होता! त्यांनी मुलांचं ऐकलं. जिम हेन्सन यांच्या चमूने 'बिग बर्ड' हा उंचच उंच पिवळा पक्षी आणि कचऱ्याच्या पिंपात राहणारा कुरकुऱ्या 'ऑस्कर' बनवला. दोघं रस्त्यावर माणसांत वावरू लागले. पुढे हेच दोघं जगभर लाडके झाले. आपल्याकडे २००६ साली आलेला 'गली गली सिम सिम' हा त्याच कार्यक्रमाचा भारतीय अवतार.

पण थांबा! टक लावून बघितलं म्हणजे शिकलं, असं थोडंच आहे? फुगेवाल्याकडेही आपण टक लावून बघतोच की! म्हणून शिकण्यासाठी पद्धत वेगळी. एका दुसऱ्या संस्थेने मुलांची अक्षर-अंकांची चाचणी कार्यक्रमाआधी घेतली आणि काही महिन्यांनी पुन्हा घेतली. ज्यांनी जास्त वेळा कार्यक्रम पाहिला, त्यांची प्रगती जास्त दिसली. त्यावरही १९७५ साली काही संशोधकांनी शंका काढली : काही घरांत मुलांना कार्यक्रम बघायला मुद्दाम उत्तेजन दिलं होतं, मग ही प्रगती कार्यक्रमाची किती आणि त्या उत्तेजनाची किती? शंका रास्तच होती, नाही का?

आता तुमची पाळी. तुमच्या शाळेतलं भित्तिपत्रक कोण वाचतं, हे शोधायचंय? आधी प्रश्न ठरवा, मगच पद्धत.

किती जण थांबतात? मधल्या सुट्टीत दहा मिनिटं लांब उभे राहा आणि मोजा. कुणाची नावं लिहू नका, आपल्याला चहाडी करायची नाहीये!

वाचलेलं समजलं का? "त्यातली एक गोष्ट मला सांग," म्हणा.

कंटाळा का येतो? चार-पाच जणांशी निवांत गप्पा मारा. तुम्ही कमी बोला.

सगळ्यांना काय हवंय? बिननावाच्या चिठ्ठ्या घ्या. पण फक्त आपल्या दोस्तांच्याच नकोत, प्रत्येक वर्गातल्या हव्यात.

आणि एक अवघड काम शेवटी. तुमची स्वतःची कविताच कुणी वाचत नाही असं दिसलं, तर रागावू नका. ती बदलून बघा आणि पुन्हा मोजा!

आईबाबांनो, तुम्हांलाही एक सूचना. अभ्यास घेताना "समजलं का?" असं विचारलंत, तर उत्तर ठरलेलं : "हो!" त्यापेक्षा म्हणा, "आता तू मला शिकव बघू." मग खरं काय ते आपोआप कळेल.