घाटनांदूरची चुनखडी समुद्राची नव्हे

घाटनांदूरच्या रानात निघणारी चुनखडी म्हणजे पुरातन समुद्राचा तळ, असे मागील अंकातील पत्रात ठासून सांगितले आहे. पुरावा काय, तर लिंबू पिळले की ती फसफसते. त्यावरून त्यात कॅल्शियम कार्बोनेट आहे एवढेच कळते. ते आले कुठून, हे लिंबू कसे सांगणार?

आमच्या बालाघाटावर पायाखाली आहे तो काळा बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो झिजताना त्यातले कॅल्शियम पाण्यात उतरते आणि पाणी आटले की मातीतच चुन्याच्या वेड्यावाकड्या गाठी धरतात. एखादी फोडून पाहा: आत मातीचे कण अडकलेले, थर एकही नाही. अशा जमिनीत सोयाबीन पिवळे पडते, कारण चुन्यामुळे पिकाला लोह नीट मिळत नाही. शेतकऱ्यांना हा त्रास चांगलाच ठाऊक आहे.

समुद्रातला खरा चुनखडक पाहायचा तर वणी किंवा कोरपना-गडचांदूर गाठावे. तिथे पैनगंगा समूहाच्या खडकांचे थरावर थर आहेत, वय निदान शंभर कोटी वर्षांच्या घरातले. गडचांदूरचा सिमेंट उद्योग त्याच दगडावर पोसला आहे. गंमत म्हणजे त्यात शंख-शिंपले मिळायचे नाहीत. कवचधारी प्राणी तेव्हा जन्मलेच नव्हते.

उलट, शंख आढळतात ते नागपूरजवळ टाकळीला, दोन लाव्हाथरांमधल्या गाळात. पण तेही गोड्या पाण्याच्या तळ्यातले. तेव्हा शंख दिसला की समुद्र, हेही गणित जमत नाही.

आपला,
एक वाचक, घाटनांदूर (ता. अंबाजोगाई, जि. बीड)