भिंतीतला ओव्हन घ्यावा का?

पूर्वी घर बांधायला काढलं की स्वयंपाकघरापुरता आपल्याला एवढाच प्रश्न विचारला जायचा : ओट्याला कडप्पा कुठला आणि मांडणी कुठल्या भिंतीला? आता फर्निचरवाला नकाशा घेऊन येतो, गॅसशेजारच्या उंच कपाटात एक चौकोन काढतो आणि म्हणतो, "वहिनी, इथे ओव्हन लावू ना?" यवतमाळला काय नि पुसद-वणीला काय, नव्या घरांच्या नकाशात हा चौकोन आता दिसू लागला आहे. माझ्या शेजारणीची धाकटी जाऊ सध्या त्याच पेचात आहे. तिला केक, नानकटाई करून विकायची आहे. त्यासाठी भिशीचे पैसे तिने वर्षभर राखून ठेवले. घरची मंडळी म्हणतात, कपाटात शोभेल असा मोठाच घे. पैसे तिचे, राबणारही तीच. तेव्हा तिच्याशी बोलताना जे जे निघालं ते तुमच्यापुढे ठेवते.

भाजणं काही आपल्याकडे नवीन नाही. दिवाळीच्या आधी मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीत जायचं, तिथेच नानकटाई थापायची आणि भट्टीतून भाजून डबे भरून आणायची, हे तुमच्यापैकी अनेकींनी आईबरोबर केलं असेल. मग घरोघरी तो अॅल्युमिनियमचा गोल ओव्हन आला, झाकणाला काचेची खिडकी असलेला. तो नसेल तर कुकरची शिटी नि रबर काढून, तळाला वाळू घालून केक व्हायचा. अजूनही होतो, आणि चांगला होतो! वर्षाकाठी दोन वाढदिवसांचे केक एवढंच करायचं असेल तर कुकर पुरे, हे आधीच सांगून टाकते.

पण ज्यांना खरोखरच आठवड्याला भाजायचं आहे त्यांनी ओव्हन बघण्याआधी भिंत बघावी. म्हणजे भिंतीतल्या तारा. कपाटात बसवायचा विजेचा ओव्हन साधारण अडीच ते साडेतीन किलोवॅटचा असतो. ओट्यावर ठेवायचा, ज्याला दुकानात ओटीजी म्हणतात, तो दीड-दोन किलोवॅटच्या आसपास. ओटीजीला 16 अँपिअरचा नीट बसवलेला जाड पिनांचा प्लग पुरतो. भिंतीतल्या ओव्हनसाठी मात्र मीटरच्या पेटीपासून वेगळी तार ओढून घ्यावी, 4 चौरस मिलिमीटरची, तांब्याची, आय.एस.आय. खुणेची. तिच्यावर स्वतंत्र एमसीबी, आणि अर्थिंग तर हवंच हवं. मिक्सरच्या प्लगमधून जोड काढून देणारा वायरमन भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ असा एक रकाना असतो. तो एकदा वाचा. सकाळी गिझर, उन्हाळ्यात कूलर, त्यात हा ओव्हन. सगळ्यांची बेरीज त्या आकड्याच्या पुढे जात असेल तर आधी भार वाढवून घ्यावा लागेल. नवं घर असेल तर हे सारं प्लॅस्टरच्या आधी होतं. राहत्या घरात भिंत फोडावी लागते, आणि ती धूळ पुढे महिनाभर आपणच पुसतो.

दाब कमी होण्याचंही एक गणित आहे. 230 च्या जागी 200 व्होल्ट आले तर कॉइलची ताकद थोडीथोडकी नाही, जवळजवळ पाव हिश्शाने कमी होते. पंखा मंदावलेला दिसला की समजावं, आज केकला वेळ जास्त लागणार. मधेच वीज गेली तर दार मुळीच उघडू नये. इथे मात्र भिंतीतल्या ओव्हनची बाजू जड आहे. त्याच्या भोवती उष्णता धरून ठेवणारं जाड अस्तर असतं, ओटीजी लवकर निवतो.

खर्चाचं म्हणाल तर एका केकला, आधी तापवण्यासकट, भिंतीतला ओव्हन पावणेदोन युनिटच्या आसपास घेईल, ओटीजी एक युनिटच्या आत-बाहेर. केकपुरतं हे काही फार नाही. पण महिन्याचे 100 युनिट ओलांडले की पुढच्या युनिटांना चढा दर लागतो, आणि विकायला करणारीने हे प्रत्येक डझनाच्या किमतीत धरायला हवं. घरखर्चाच्या बिलात मिसळून गेलं की आपली कमाई किती हे आपल्यालाच कळत नाही. (आणि ‘फावल्या वेळात करते’ असं म्हणून कामाचे पैसेच न धरणं, ती आपली जुनी सवय!)

आता उंची. भिंतीतल्या ओव्हनचं खरं सुख हेच की वाकावं लागत नाही आणि लहान मुलांचा हात पोचत नाही. पण फर्निचरवाले तो फ्रिजच्या डोक्याशी ओळीत दिसावा म्हणून फार वर चढवतात. त्याचं दार खाली उघडतं, म्हणजे तापलेल्या दारावरून हात लांब करून ट्रे काढायचा आहे. पाच फुटांच्या बाईने 180 अंशांचा ट्रे खांद्याच्या वर धरून बाहेर काढायचा म्हणजे काय, ते नकाशा काढणाऱ्याला कसं कळणार? स्वतः भिंतीशी उभ्या राहा, कोपर वाकवा, आणि खडूने खूण करा. ओव्हनचा तळ साधारण तिथे यावा. शेजारी हातभर मोकळा ओटा हवा, गरम ट्रे टेकवायला. ओव्हन सुमारे 60 सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट रुंद असतो. कपाटाला मागून हवा जायला फट ठेवलेली हवी, आणि फ्रिजला तो अगदी खेटून नको. ओट्याखालीही तो बसवता येतो, पण मग वाकणं आलंच.

आकाराचं तर सगळ्यांचंच चुकीचं ऐकते मी. 60-70 लिटरचा ओव्हन घेऊन त्यात सात इंची एक केक भाजणं म्हणजे चार माणसांच्या वरणाला लग्नातलं पातेलं चढवणं. घरच्यापुरतं 28-30 लिटर भरपूर, नऊ इंची डबा त्यात सहज बसतो. ऑर्डरी घ्यायच्या तर 40-45 लिटर, मागे पंखा असलेला. पंख्याने दोन ट्रे एकदम भाजता येतात. मात्र पंखा चालू असला की कृतीत दिलेल्या आकड्यापेक्षा तापमान 20 अंशांनी कमी ठेवावं. साधा मायक्रोवेव्ह यात धरूच नका, त्यात नानकटाईला रंग येत नाही. कन्व्हेक्शनवाला चालतो, पण फिरत्या ताटलीमुळे चौकोनी ट्रे अडतो.

दुकानात रंग, बटणं, काच सगळं दाखवतात. आपण एकच विचारावं : बिघडला तर माणूस कुठून येणार? नागपूर इथून दीडशे किलोमीटर. ओटीजी बिघडला तर स्कूटरवर पुढ्यात घेऊन मिस्त्रीकडे नेता येतो. भिंतीतला ओव्हन कपाटातून काढायलाच माणूस लागतो, आणि ऐन दिवाळीच्या आठवड्यात तो ‘परवा येतो’ म्हणाला तर ऑर्डरी गेल्या म्हणूनच समजा.

आणखी एक गोष्ट, जी कुणी नकाशावर लिहीत नाही. पुष्कळ घरांत सासूबाईंना स्वयंपाकघरात अंडं चालत नाही. माझ्या ओळखीच्या एकीने ओटीजी मागच्या व्हरांड्यात ठेवला, अंड्याची भांडी तिथेच, आणि दोघींचा दिवस शांततेत जातो. भिंतीतला ओव्हन व्हरांड्यात नेता येत नाही. मेमध्ये यवतमाळचा पारा 44-45 ला टेकतो, तेव्हाही व्हरांडाच बरा. पहाटे पाचला भाजायला बसलं की सात वाजता, शाळेची तयारी सुरू व्हायच्या आत, ट्रे गार झालेले असतात.

म्हणून त्या जावेला मी सांगितलं, भिशीच्या पैशातून आज मोठा ओटीजी घे. तो दहा-बारा हजारांच्या आत-बाहेर येईल. भिंतीतला पंचवीस-तीस हजारांच्या पुढेच सुरू होतो. उरलेल्यात डबे, वजनकाटा, पहिल्या महिन्याचं लोणी-मैदा आणि विक्रीसाठी लागणारी अन्ननोंदणी. कपाटातला चौकोन मात्र पुसू नकोस. तार आत्ताच ओढून ठेव, जागा सोड, त्यात सध्या डबे ठेव. दोन दिवाळ्या ऑर्डरी टिकल्या तर तुझ्याच कमाईतून मोठा ओव्हन बसेल. घरच्यांना हे फारसं पटलेलं नाही, पण वायरमनला तिने तार ओढायला सांगितली आहे.

कुठलाही ओव्हन आणलात तरी पहिल्या दिवशी त्याचा काटा खरा का खोटा ते बघा. साखर 186 अंशांच्या सुमाराला वितळते. फॉइलच्या लहानशा वाटीत चमचाभर साखर घालून ओव्हन 175 वर 15 मिनिटं ठेवा. साखर तशीच राहायला हवी. मग नवी साखर घेऊन 190 वर ठेवा. ती वितळायला हवी. पहिल्याच खेपेला पाणी झालं तर तुमचा ओव्हन जास्त तापतो, दुसऱ्या खेपेलाही दाणे शाबूत राहिले तर कमी. किती फरक धरायचा ते दोन-तीन वेळा करून कळतं. तो आकडा कागदावर लिहून ओव्हनलाच चिकटवून ठेवा.

रोडग्यांचंही आमच्या शाळेतल्या बाईंनी विचारलं होतं. ओव्हनमध्ये 200 अंशांवर, मधे एकदा उलटून, रोडगे आतपर्यंत छान भाजले जातात. वांग्याच्या भाजीबरोबर घरच्यांनी चाटून-पुसून खाल्ले. गोवऱ्यांचा वास मात्र त्यांना येत नाही. त्यासाठी शेतावरच जायला हवं.