अनुदानाची नवी खोती

खोती म्हणजे काय, हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या आपल्या आज्या-पणज्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. सरकार आणि कसणारं कूळ यांच्या मधे खोत बसलेला. सारा तो वसूल करणार, सरकारात ठरलेला भरणार, उरलेला स्वतःच्या घरात ठेवणार, आणि वेठ वेगळी. कूळ महाराचं असो की कुणब्याचं. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिलवर नेला. खोती कागदावरून गेली ती १९४९ च्या कायद्याने. पण आमच्या मुलांच्या नावाने येणाऱ्या निधीत खोत आजही मधेच बसलेला आहे, असा आमचा थेट आरोप आहे.

हे कसं चालतं ते पाहू. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. सामाजिक-आर्थिक मागास गटांची विषमता कमी करणं हे त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत लिहिलेलं आहे, आणि जिथे कंपनीचं काम चालतं त्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही कायदा सांगतो. आपल्या जिल्ह्यात लोटे-परशुरामला रासायनिक कारखाने आहेत, जयगडला बंदर आणि वीजप्रकल्प आहे. म्हणजे कायदा आहे, कारखाने आहेत, गरजू वाड्याही आहेत.

मग अडतं कुठे? हा पैसा घेणाऱ्या संस्थेला आयकराची बारा-ए आणि ऐंशी-जी नोंदणी लागते, तशाच कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव लागतो, आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्म भरून केंद्राकडे नोंद करावी लागते. परदेशी देणगी हवी तर ३ वर्षांत किमान १५ लाख रुपये खर्च केलेले दाखवा. पूर्वी मोठ्या संस्थेला आलेल्या परदेशी पैशातला काही हिस्सा वाडीतल्या छोट्या संस्थेला देता येत असे. २०२० च्या दुरुस्तीने तेही बंद केलं.

बौद्धवाडीतल्या मंडळाकडे असतं काय? वर्गणीची पावतीबुकं, विहाराची एक खोली, संध्याकाळी मुलांना शिकवणारी दोन-चार पोरं, आणि वर्षानुवर्षांचं काम. या अटींत ते बसत नाही. जी संस्था बसते ती शहरातून येते. आमच्या वाडीचा सर्व्हे करते, आमच्या आयाबहिणींचे फोटो काढते, आमच्याच शिकलेल्या पोराला तुटपुंज्या मानधनावर ठेवते. प्रकल्प संपला की बॅनर उतरतो आणि अभ्यासिकेला कुलूप लागतं. दहावीच्या ऐन वर्षात ज्या मुलीची अभ्यासिका बंद होते, तिने दाद कुणाकडे मागायची? अहवालात ती लाभार्थी असते. निर्णय घेणाऱ्यांत तिच्या वाडीतलं एकही माणूस नसतं.

हा प्रश्न नवा नाही. पुणे करारानंतर ३० सप्टेंबर १९३२ रोजी मुंबईत अस्पृश्यता निवारणाची जी संस्था निघाली, ती पुढे हरिजन सेवक संघ झाली. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, सरचिटणीस अमृतलाल ठक्कर. गोलमेज परिषदेला जाताना १४ नोव्हेंबर १९३२ रोजी बाबासाहेबांनी बोटीवरून ठक्करांना सविस्तर पत्र लिहिलं. चार-दोन व्यक्तींना वर काढण्यावर पैसा खर्चू नका, सगळ्या वर्गाच्या नागरी हक्कांसाठी आणि समान संधीसाठी लढा उभा करा, आणि कार्यकर्ते अस्पृश्यांतूनच घ्या, असा त्याचा आशय. पुढे संघाच्या कारभारात अस्पृश्यांना स्थान मागितलं तेव्हा गांधीजींचं उत्तर होतं की हे सवर्णांचं प्रायश्चित्त आहे, ते ऋणकोंनीच करायचं. म्हणजे देणं आमचं, पण तिजोरीची किल्ली देणेकऱ्याकडे! आजचा निधी देणारा याहून वेगळं काय म्हणतो?

आपल्यातले काही मित्र म्हणतात, अनुदान घेतलं की चळवळ मेली, तेव्हा हातच लावू नका. त्यांची भीती खोटी नाही. पण १९२८ साली बाबासाहेबांनी डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी काढली आणि वसतिगृहांसाठी सरकारी अनुदान घेतलं, हे विसरू नका. कारभार आपल्या माणसांच्या हातात होता, म्हणून त्या पैशाने मिंधेपण आलं नाही.

दुसरे म्हणतात, तुमच्या संस्थांना हिशेब ठेवता येत नाही. ज्या कोकणी माणसाच्या मुंबई मंडळाने पै-पै गोळा करून गावोगाव विहार उभे केले आणि जयंतीच्या सभेत एकेका रुपयाचा हिशेब वाचून दाखवला, त्याला हे सांगायचं? कमी आहे ती ऑडिट आणि नोंदणीच्या कागदांची. ती भरून काढता येते.

सरकारचंही तेच. अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी लोकसंख्येच्या प्रमाणात आमचा आहे. तरीही २०२५ साली सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले, आणि खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनाच जाहीर नाराजी व्यक्त करावी लागली. बहिणींना जरूर द्या, त्यात आमच्याही बहिणी आहेत. पण आमच्या पोरांच्या ताटातलं काढून नको. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ मध्येच या निधीसाठी कायदा केला. फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव घेणाऱ्या महाराष्ट्राला तो का जमत नाही?

तेव्हा मित्रांनो, कामं वाटून घेऊ. प्रत्येक तालुक्यातल्या वाड्यांनी मिळून एक संस्था नोंदवावी. मुंबईत बँकेत, ऑडिटमध्ये असलेल्या आपल्या माणसांनी तिचे कागद सांभाळावेत. उपयोजनेतून जिल्ह्याला काय आलं आणि कुठे गेलं, हे जिल्हा नियोजन समिती आणि समाजकल्याण कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात विचारावं. आणि बाहेरची संस्था वाडीत आली तर तिला दोन अटी घालाव्यात: समितीत निम्मी माणसं वाडीची, त्यात महिला, आणि अंदाजपत्रक विहारात सर्वांसमोर वाचायचं. मान्य नसेल तर सर्व्हेचा कागद भरू नका.

खोताला आम्ही सारा देणं थांबवलं होतं. या नव्या खोताला आमची नावं आणि आमचे फोटो देणं थांबवू.

जय भीम!