नाव यादीत, रुग्ण वाऱ्यावर

दिव्यांगांच्या कायद्यात पार्किन्सन्सला स्थान मिळाले. ही मान्यता आता दाखल्यात, औषधाच्या खिडकीवर आणि सरकारच्या मोजणीत दिसली पाहिजे.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. डिसेंबर २०१६ मध्ये संसदेने दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा संमत केला, तेव्हा ते २१ झाले आणि त्यांत पार्किन्सन्सचे नाव आले. १९ एप्रिल २०१७ पासून हा कायदा लागू आहे. सरकारने आपल्या आजाराची दखल घ्यावी ही रुग्णांची मागणी कागदावर तेव्हाच मान्य झाली. तरीही तालुक्याच्या गावातला रुग्ण आज निदानासाठी मोठ्या शहराच्या आणि दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी जिल्ह्याच्या खेपा घालतो आणि औषधाचा, फिजिओथेरपीचा खर्च बहुतेक करून स्वतःच्याच खिशातून करतो. कायद्याच्या परिशिष्टात नाव आले म्हणजे मान्यता मिळाली, असे मानून सरकार थांबले आहे. रुग्णांना थांबता येत नाही, कारण त्यांचा आजार थांबत नाही.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले. त्यांचा जन्मदिवस, ११ एप्रिल, जगभर पार्किन्सन्स दिन म्हणून पाळला जातो. मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात, हालचाल मंदावते, स्नायू ताठरतात, हात थरथरतो. लोकांना ठाऊक असते ती ही थरथर. काही रुग्णांना ती नसतेच. अक्षर बारीक होत जाते, आवाज खोल जातो, चालता चालता पाय जमिनीला खिळतात. वास न येणे, बद्धकोष्ठ, झोपेत हातपाय झाडणे, नैराश्य यांची सुरुवात तर कंपाच्या कितीतरी वर्षे आधी होऊ शकते. नेहमीच्या रक्ततपासणीत हा आजार सापडत नाही. निदान जाणत्या डॉक्टरच्या नजरेवर अवलंबून असते आणि मेंदूविकारतज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटले आहेत. त्यामुळे खांदा धरला म्हणून रुग्ण हाडांच्या डॉक्टरकडे जात राहतो, नाहीतर 'वय झाले' म्हणून घरचेच गप्प बसतात. सही जुळत नाही म्हणून बँकेतून चेक परत येतो. तोल जाणाऱ्याला रस्त्यावरचे लोक दारुडा ठरवतात आणि चेहऱ्यावरचे भाव मावळलेल्याला नातेवाईक तुसडा म्हणतात. आजाराची ओळख नसलेल्या समाजात रुग्ण अशी दुहेरी शिक्षा भोगतो.

या रुग्णांची नीट मोजणी झालेली नाही, हा पहिला अन्याय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात ८५ लाखांहून अधिक लोकांना पार्किन्सन्स होता आणि आधीच्या २५ वर्षांत हे प्रमाण दुप्पट झाले होते. भारतासाठी २०१६ चा पावणेसहा लाखांच्या आसपासचा अंदाज सांगितला जातो. हा शेवटी अंदाज आहे, घरोघर जाऊन केलेली मोजणी नव्हे. तशी मोजणी अशक्य आहे असेही नाही. मुंबईच्या पारशी वसाहतींत १४,०१० लोकांची दारोदार पाहणी करून डॉ. नदीर भरुचा आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. लाखामागे सुमारे ३२८ रुग्ण आढळले. एका शहरातल्या संशोधकांना सुमारे चार दशकांपूर्वी जे साधले, ते सरकारला आज साधू नये? अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने कायदा करून २०१८ पासून पार्किन्सन्सच्या रुग्णांची नोंदवही सुरू केली. महाराष्ट्रात आशा सेविका असंसर्गजन्य आजारांसाठी घरोघर अर्ज भरून घेतात. त्यात मंदावलेल्या चालीचा आणि कंपाचा असे दोन प्रश्न घातले, तरी निम्मे काम होईल. २०२७ च्या जनगणनेतही दिव्यांगत्वाचे सर्व २१ प्रकार वेगवेगळे नोंदवले गेले पाहिजेत.

दुसरा अन्याय दाखल्याच्या टेबलावर होतो. कायद्यातले बहुतेक लाभ किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांना मिळतात. तुटलेला पाय सकाळी तुटलेला असतो आणि संध्याकाळीही. पार्किन्सन्सचे तसे नाही. गोळी लागू झाली की रुग्ण 'ऑन' असतो; चालतो, बोलतो, शर्टाची बटणे लावतो. तिचा असर ओसरला की तोच माणूस 'ऑफ' होतो आणि खुर्चीतून उठायला त्याला दोघांचा आधार लागतो. तपासणीला जायचे म्हणून घरचे वेळेवर गोळी देऊन त्याला आणतात आणि वैद्यकीय मंडळासमोर तो ठणठणीत दिसतो. दहा मिनिटांच्या भेटीत सांध्यांची हालचाल मोजून या आजाराचे ओझे कळणार नाही. रुग्णाच्या 'ऑन-ऑफ' तासांची नोंदवही, उपचार करणाऱ्या तज्ज्ञाचा अभिप्राय आणि सांभाळणाऱ्याचे म्हणणे या तिन्हींना मूल्यमापनात वजन असले पाहिजे. ज्या जिल्हा रुग्णालयात मेंदूविकारतज्ज्ञ नाही, तिथे तो दूरसंवादाने उपलब्ध करावा. हा आजार बरा होत नाही, वाढत जातो. त्यामुळे थोड्या मुदतीचे दाखले देऊन रुग्णाला पुन्हा पुन्हा रांगेत उभे करणे क्रूरपणाचे आहे.

दाखला मिळाला तरी पुढच्या याद्या आड येतात. सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षण ज्या गटांसाठी आहे, त्यांत पार्किन्सन्सचे नाव नाही. रेल्वेच्या प्रवास सवलतीच्या यादीत कर्करोग, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, क्षयरोग आहेत, पार्किन्सन्स नाही. आयकराच्या नियमांनी मात्र तो गंभीर आजारांत धरलेला आहे, अर्थात ४० टक्क्यांच्या अटीसह. म्हणजे कर भरण्याइतके उत्पन्न असलेल्याला थोडा दिलासा आणि ज्याचे उत्पन्नच आजाराने बुडाले त्याच्या हाती काही नाही. सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आले तर नोकरीवरून काढता येत नाही, हे संरक्षण कायद्यात आहे. खासगी कंपनीत पंचेचाळिशीत निदान झालेल्याला ते नाही. आणि हा आजार केवळ म्हातारपणीच होतो असे नाही. पन्नाशीच्या आत तो झालेले रुग्णही आहेत.

तिसरा अन्याय औषधाचा. लेव्होडोपा-कार्बिडोपा हे या आजारावरचे मुख्य औषध. गेल्या शतकाच्या साठच्या दशकात लेव्होडोपाने या रुग्णांचे जगणे पालटले. आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ते आहे. एक गोळी महाग नसते. पण दिवसातून चार-पाच वेळा, वर्षानुवर्षे, सोबतच्या इतर औषधांसह घ्यायची म्हटल्यावर शेतमजुराच्या घराचा हिशेब कोलमडतो. ती घड्याळाच्या काट्यावर घ्यावी लागते. अचानक बंद झाली तर जिवावर बेतू शकते. तरीही गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात ती कायम मिळेलच याची हमी कोणी देत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांचा भर रुग्णालयातल्या उपचारांवर आहे, तर या आजाराचा खर्च प्रामुख्याने घरी होतो: गोळ्या, फिजिओथेरपी, वाचा-उपचार, दिवसभर सोबत करणारे माणूस. मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची डीबीएस शस्त्रक्रिया मोजक्याच रुग्णांना लागू पडते आणि तिचा खर्च काही लाखांत जातो. ती सर्वांना देता येणार नाही हे समजू शकते. रोजची गोळी देता येत नाही हे समजण्यासारखे नाही.

शेतकऱ्यांच्या राज्यात आणखी एक प्रश्न टाळता येणार नाही. कीटकनाशकांशी येणारा संबंध हा पार्किन्सन्सचा धोका वाढवणारा घटक मानला जातो. फ्रान्सने २०१२ मध्ये कीटकनाशके हाताळणाऱ्या शेतकऱ्यांच्या बाबतीत हा व्यावसायिक आजार म्हणून मान्य केला आणि भरपाईची वाट खुली केली. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा राज्य हादरले. तत्काळ दिसणाऱ्या विषाची चौकशी झाली. शरीरात सावकाश मुरणाऱ्या विषाचा अभ्यास विदर्भ-मराठवाड्यात नेटाने व्हायला हवा आणि त्याचा खर्च सरकारने उचलायला हवा.

सरकारने पाठ फिरवलेली असताना रुग्णांनी हात टेकलेले नाहीत. पुण्यातले पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणते आणि दोघांनाही सभांतून, सहलींतून, नाचगाण्यातून उभे करते. मुंबईत ज्येष्ठ मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. भीम सिंघल यांच्या पुढाकाराने २००१ मध्ये सुरू झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी देशभर आधारगट चालवते. या आजाराबरोबर कसे जगायचे हे ज्ञान त्यांच्याकडे आहे आणि धोरण ठरवणाऱ्या टेबलावर तेच गैरहजर असते. अमेरिकेत रुग्णसंघटनांच्या चिकाटीमुळे जुलै २०२४ मध्ये पार्किन्सन्ससाठी राष्ट्रीय आराखडा तयार करण्याचा कायदा झाला. जागतिक आरोग्य सभेने मे २०२२ मध्ये मेंदूविकारांसाठी २०३१ पर्यंतचा कृती आराखडा स्वीकारला, तो भारतासाठीही आहे.

आजार पुष्कळ, पैसा थोडा. मग याच रुग्णांना वेगळे का वागवायचे, हा प्रश्न विचारला जाईल आणि तो रास्त आहे. पण इथे मागणी अवाढव्य रुग्णालयांची नाही. स्वस्त गोळी, शहाणी तपासणी, जवळचा फिजिओथेरपिस्ट आणि खरी आकडेवारी एवढीच ती आहे. निदानानंतर रुग्ण वीस-वीस वर्षे जगू शकतो. ती वर्षे त्याने हिंडत-फिरत काढायची की अंथरुणात, हे याच साध्या गोष्टींवर ठरते. तो अंथरुणाला खिळला की घरातली एक व्यक्ती, बहुतेकदा पत्नी, सून किंवा मुलगी, कामधंदा सोडून त्याच्याशी बांधली जाते. तिचे श्रम कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाहीत म्हणून ते फुकट ठरत नाहीत.

डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. त्या विभागाने आरोग्य खात्याला बरोबर घेऊन चार गोष्टी हाती घ्याव्यात. लेव्होडोपा प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात मोफत आणि अखंड द्यावी. प्रत्येक जिल्ह्यात दाखल्यासाठी मेंदूविकारतज्ज्ञाचा अभिप्राय मिळवून द्यावा. रुग्णांची राज्य नोंदवही उघडावी. दिव्यांगांसाठीच्या राज्य सल्लागार मंडळावर एक शुभार्थी आणि एक शुभंकर यांना बसवावे. ग्रामपंचायती आणि पालिकांनी दिव्यांगांसाठी राखून ठेवलेल्या पाच टक्के निधीतून फिजिओथेरपीची सोय उभी करायला तर मंत्रालयाच्या आदेशाची वाटही पाहावी लागणार नाही. संसदेने २०१६ मध्ये दिलेला शब्द पाळायला नवा कायदा लागत नाही. राज्य सरकारने येत्या अंदाजपत्रकात त्यासाठी तरतूद करावी आणि ती होईपर्यंत आमदारांनी सभागृहात हा विषय सोडू नये.