न्यायासनापुढील नारळ

ऑक्टोबरच्या आरंभी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे नवे सत्र सुरू होण्यापूर्वीच्या रविवारी, वॉशिंग्टनच्या सेंट मॅथ्यू कॅथेड्रलमध्ये न्यायव्यवस्थेसाठी ‘रेड मास’ नावाची उपासना होते. लंडनमध्येही त्याच सुमारास न्यायाधीश आपला दरबारी पोशाख लेवून वेस्टमिन्स्टर ॲबेत प्रार्थनेस जातात. आमच्याकडे कोर्टाच्या इमारतीचे भूमिपूजन, नारळ, दीपप्रज्वलन हा सारा सरंजाम इतका अंगवळणी पडला आहे की, मार्च २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवड न्यायालयाच्या अशाच समारंभात न्यायमूर्ती अभय ओक यांनी पूजाअर्चा थांबवून संविधानाच्या उद्देशिकेपुढे नतमस्तक व्हावे असे सुचविले, याचेच नवल वाटावे.

जळगाव जिल्ह्यातील एरंडोलकरांना त्या सूचनेचे मर्म उमगण्यास ग्रंथ चाळावे लागत नाहीत. येथील पांडववाडा, जो एका पक्षाच्या लेखी पुरातन मंदिर आणि दुसऱ्याच्या लेखी पिढीजात मशीद, त्याचा तंटा जिल्हाधिकाऱ्यांच्या २०२३ च्या मनाई हुकुमावरून औरंगाबाद खंडपीठात व तेथून दिल्लीपर्यंत गेला. आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्य दरवाजाची किल्ली नगरपालिकेच्या हवाली ठेवून, पहाटेच्या नमाजापूर्वी तो उघडण्याची जबाबदारीही तिच्यावरच टाकली. न्यायाधीशाने घरी देव पुजावा (त्यास मज्जाव करणे हाही जुलूमच), परंतु ज्या दालनात वादी-प्रतिवादी भिन्न देवांची नावे घेऊन येतात, तेथे एकाच देवाचा नारळ फुटला की निकालापूर्वीच दुसऱ्याच्या मनात किंतु उत्पन्न होतो. जिल्ह्यातील वकील संघांनी आपल्या पुढील समारंभाचा आरंभ उद्देशिकेच्या वाचनानेच करावा.