उद्ध्वस्त अणुभट्टीची राखण कोण करणार?
अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्षांना पाटणहून खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
अणुऊर्जा आयोग, मुंबई



आमच्या पाटण तालुक्यात सरकारी नोकरीच्या अर्जाला एक दाखला जोडतात, भूकंपग्रस्ताचा. कोयनेचा तो भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे. ज्यांची घरं पडली त्यांतले बरेचजण आता हयात नाहीत. दाखल्यासाठी कचेरीत हेलपाटे घालतात ती त्यांची नातवंडं. दुर्घटना किती वर्षं चालू राहते, हे आम्हाला असं कळतं. त्याबद्दलच आपल्याला लिहिते आहे, आणि विषय आपल्या खात्याचा आहे. अणुभट्टीला मोठा अपघात झाला, तर पुढची पन्नास-शंभर वर्षं तिचे अवशेष कोण सांभाळणार, आणि कोणाच्या पैशाने?

कोयना धरणापासून माडबन सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर आहे. तिथे जैतापूर प्रकल्पाच्या प्रत्येकी १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या योजल्या आहेत. तिथल्या भूकंपाच्या शक्यतेवर रॉजर बिल्हॅम आणि विनोद गौर यांनी २०११ साली ‘करंट सायन्स’मध्ये लिहिलं, त्यावर पुष्कळ वाद झाला. तो वाद मी इथे उकरत नाही. अपघात होईल की नाही यावर दोन्ही बाजूंनी भरपूर बोललं गेलं आहे. झाल्यावर तिसऱ्या पिढीचं काय, हे मात्र कोणी विचारलेलं मी ऐकलं नाही. कोयनेच्या काठावर राहणाऱ्यांना ते विचारायचा अधिकार आहे असं मी मानते.

कोयनेचं उदाहरण आपल्याला माहीत असेलच, तरी आमच्या बाजूने सांगते. दख्खनचा हा कातळ तोवर स्थिर समजला जायचा. धरणाचा आराखडा करताना भूकंपासाठी धरलेला गुणांक होता ०.०५. त्या पहाटे धरणातल्याच यंत्राने नोंदवलेलं सर्वाधिक त्वरण ०.६३ जी होतं. हे दोन आकडे एकाच मापाचे नाहीत हे मला कळतं, पण कल्पना किती तोकडी पडली होती ते त्यांतून दिसतं. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, कोयनानगर जमीनदोस्त झालं. धरण उभं राहिलं, पण त्याच्या उंच भागांत, जिथे मागचा उतार एकदम बदलतो, तिथे पुढून आणि मागून आडव्या भेगा पडल्या.

मग सुरू झाली डागडुजी. भेगांत इपॉक्सी भरलं, पोलादी तारा ताणून बसवल्या, नंतर धरणाच्या पाठीशी काँक्रीटचे भक्कम टेकू उभे केले. सांडव्याच्या भागाचं मजबुतीकरण व्हायला हे शतक उजाडावं लागलं. गोठण्याजवळ तीन किलोमीटर खोल छिद्र घेऊन पृथ्वीच्या पोटात काय चाललं आहे ते पाहण्याचं काम २०१७ साली झालं, म्हणजे भूकंपाला पन्नास वर्षं होत असताना. कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी वेगळी प्रयोगशाळा आहे. धक्के अजून येतात. माझ्या आईने अखेरपर्यंत जड भांडं वरच्या फळीवर ठेवलं नाही. ज्या अभियंत्यांनी हे धरण बरं केलं आणि जे आजही त्याच्या गॅलरीत उतरून झिरपणारं पाणी मोजतात, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांच्या भरवशावर आम्ही रात्री झोपतो.

पण साहेब, ही डागडुजी झाली ती कोयना देत राहिली म्हणून. वीज दिली, पाणी दिलं, महाराष्ट्राचे कारखाने चालवले. दुभत्या जनावराच्या औषधाला पैसा मिळतो. याच प्रकल्पाचा जो भाग सरकारला काही देत नव्हता, त्याचं काय झालं तेही पाहा. धरणासाठी उठवलेल्या गावांतली माणसं साठ वर्षं उलटली तरी पर्यायी जमिनीसाठी झगडत राहिली. डॉ. भारत पाटणकर आणि श्रमिक मुक्ती दलाबरोबर आमच्या आयाबहिणी कोयनानगरला दिवसेंदिवस ठिय्या देऊन बसल्या, तेव्हा कुठे फायली हलू लागल्या. भिंतीची भेग बुजवली गेली, माणसांची राहिली. खाती तीच, तालुका तोच.

मोडलेली अणुभट्टी या दुसऱ्या प्रकारात मोडते. ती कोणाला काही देत नाही, फक्त मागत राहते.

चेर्नोबिलचा चौथा संच २६ एप्रिल १९८६ रोजी फुटला. त्यावर सहा-सात महिन्यांत पोलाद-काँक्रीटचं कवच घाईघाईने उभारलं. काही वर्षांतच त्याला भेगा दिसू लागल्या, पाणी आत जाऊ लागलं. मग दुसरं आच्छादन बांधायचं ठरलं. १०८ मीटर उंच आणि २५७ मीटर रुंद अशी पोलादी कमान, सुमारे ३६ हजार टन वजनाची. भट्टीच्या डोक्यावर उभं राहून काम करणं किरणोत्सर्गामुळे शक्य नव्हतं, म्हणून ती बाजूला बांधली आणि २०१६ च्या नोव्हेंबरात रुळांवरून ढकलत जागेवर नेली. एकट्या कमानीचा खर्च दीड अब्ज युरोच्या घरात गेला, चाळीसहून अधिक देशांनी तो वाटून घेतला. आणि तिचं आयुष्य धरलं आहे शंभर वर्षं. आत जे दोनेकशे टन इंधन पडून आहे त्यातलं प्लुटोनियम-२३९ निम्मं व्हायला चोवीस हजार वर्षं लागतात. ही कमान वेळ मिळवून देते, एवढंच. त्या वेळात आतलं सगळं उपसण्याचं काम कोणाला तरी करावंच लागणार आहे.

या कमानीची एक गोष्ट मला विशेष वाटते. एकदा जागेवर बसल्यावर तिला पुन्हा रंग देता येणार नाही, माणूस तिथे इतका वेळ थांबूच शकत नाही. म्हणून कमानीच्या दोन पदरांमधली हवा यंत्रांनी सतत कोरडी ठेवायची, म्हणजे पोलाद गंजणार नाही. शंभर वर्षं ती यंत्रं चालली पाहिजेत, त्यांना वीज मिळाली पाहिजे, कोणीतरी त्यांच्याकडे लक्ष दिलं पाहिजे. कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. छपराचा पत्रा किती पावसाळे काढतो हे आम्हाला कोणी शिकवायला नको. माडबनला तर पावसाच्या जोडीला खारा वारा आहे.

आणि १४ फेब्रुवारी २०२५ रोजी त्या कमानीवर ड्रोन आदळला. भोक पडलं, आतला थर आठवडेच्या आठवडे धुमसत राहिला, तो विझवायला बाहेरच्या पत्र्याला शेकडो छेद द्यावे लागले. त्याच वर्षी डिसेंबरात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने सांगितलं, की मुख्य सांगाडा शाबूत असला तरी किरणोत्सर्गी द्रव्य आत कोंडून ठेवण्याची कमानीची क्षमता गेली आहे. शंभर वर्षांच्या हिशेबात युद्ध कोणी धरलं नव्हतं. आमच्या धरणाच्या हिशेबात भूकंप धरला होता तो नावापुरता.

फुकुशिमात २०११ साली वितळलेल्या तीन भट्ट्यांत सुमारे ८८० टन मलबा आहे. दूरनियंत्रित यंत्राने त्यातला पहिला नमुना बाहेर आला तो २०२४ च्या नोव्हेंबरात. वजन एक ग्रॅमसुद्धा नाही. जपानसारख्या देशाची ही गत आहे. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडची भट्टी १९७९ मध्ये बिघडली, तिचं बहुतेक इंधन काढता काढता १९९० उजाडलं, आणि तिथे तर वितळलेला गाभा जाड पोलादी पात्राबाहेर पडलाही नव्हता.

जैतापूरच्या ईपीआर भट्टीत वितळलेला गाभा झेलून, पसरवून थंड करायची जागा मुळातच केलेली असते, हे मी वाचलं आहे आणि ते महत्त्वाचं मानते. पण झेललेला गाभा पुढे कोण काढणार, कुठे नेणार, तोवर त्या इमारतीचं छप्पर कोण राखणार, हे प्रश्न त्या जागेने सुटत नाहीत.

आता पैशाबद्दल. आपल्याकडे अणुविजेच्या दर युनिटमागे दोन पैसे भट्टी मोडीत काढण्यासाठी बाजूला काढले जातात. ही तरतूद आयुष्य पुरं करून शांतपणे बंद झालेल्या भट्टीसाठी आहे. फुटलेल्या भट्टीचा खर्च वेगळाच असतो, हे वरच्या तिन्ही उदाहरणांत दिसतं. कॅगने २०१२ च्या अहवालात लिहिलं होतं, की देशातल्या एकाही अणुवीज केंद्राकडे मोडीत काढण्याची योजना नाही, तीस वर्षं चाललेल्यांकडेही नाही. तारापूरचे पहिले दोन संच १९६९ पासूनचे, म्हणजे फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीहून जुने आणि तिच्याच घराण्यातले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा करून या क्षेत्रात खासगी कंपन्यांना वाट मोकळी केली. कंपनी विकली जाते, बुडते, नाव बदलते. शंभर वर्षं जगलेल्या कंपन्या आपल्या देशात किती आहेत? ज्या वारशातून एक पैसा मिळणार नाही, तो त्यांच्यातली कोणती सांभाळेल?

म्हणून माझं मागणं असं. जैतापूरला पहिला काँक्रीटचा थर पडण्याआधी एक कागद तयार करा. अपघात झाला असं धरून पहिलं वर्ष, दहावं वर्ष, पन्नासावं वर्ष यांत काय करायचं, ते त्यात लिहा. आच्छादनाचं पोलाद कोण देईल आणि दूषित पाण्याच्या टाक्या कुठे उभ्या राहतील, हेही लिहा. त्यासाठीचा निधी वीज विकणाऱ्या कंपनीच्या खात्याबाहेर, संसदेला दरवर्षी दिसेल असा ठेवा. जबाबदार कार्यालयाचं नाव कायद्यात घाला, म्हणजे सरकारं बदलली तरी ते बदलणार नाही. तारापूरच्या जुन्या संचांसाठी असा कागद आज असेल, तर तो सोप्या मराठीत छापा. आणि विस्थापितांची जमीन, त्यांच्या नातवंडांचे दाखले, गाव सोडावं लागल्यावर मासेमारांना मिळायचा किनारा, हे सगळं त्याच कागदात, त्याच निधीत बसवा. हा भाग परिशिष्टात टाकला, की साठ वर्षं रस्त्यावर बसावं लागतं, हे आम्ही पाहिलं आहे.

कोयनेच्या विजेवर हा प्रांत उभा राहिला, तेव्हा विजेचं मोल आम्हाला कोणी सांगू नये. आम्ही प्रकल्पाआधी त्याच्या म्हातारपणाची आणि मरणाची तजवीज मागतो आहोत. धरणाच्या वेळी ती मागायचं आमच्या वडीलधाऱ्यांना सुचलं नव्हतं, आणि त्यांना कोणी विचारलंही नव्हतं.

या पत्राचं उत्तर मला एकटीला पाठवू नका. माडबन, नाटे आणि तारापूरच्या ग्रामपंचायतींना पाठवा, ग्रामसभेत वाचून दाखवता येईल अशा भाषेत, आणि वाचून झाल्यावर लोक प्रश्न विचारतील तेव्हा उत्तर द्यायला आपल्या खात्यातलं कोणीतरी जबाबदार माणूस तिथे बसवा.

आपली,
पाटण येथील एक नागरिक